सरखेलीचा वारस कोणी ठरवायचा?

कुंडलिका रोह्याच्या खाली खाडीचे रूप घेते आणि रेवदंडा-कोर्लई यांच्या मधून समुद्राला मिळते. अठराव्या शतकाच्या मोठ्या भागात या खाडीच्या उत्तरेला, चौल-रेवदंड्याची पट्टी सोडली तर, कुलाब्याच्या आंग्र्यांचा अष्टागर होता आणि दक्षिणेला जंजिऱ्याच्या सिद्दींचे हबसाण. दोन्ही घराणी दर्यावर जगणारी, दोघांकडे पाण्यातला किल्ला आणि दोघांच्याही घरात वारसावरून रक्त सांडलेले. मधल्या सीमा लढाईगणिक सरकत राहिल्या. इंग्रजी अमलात मात्र जंजिरा संस्थानाची उत्तर सीमा म्हणून रोह्याची खाडीच कायम झाली. आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. सिद्दींची नबाबी १९४८ मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत चालली. म्हणजे एका काठावरचे राज्य दुसऱ्या काठावरच्या राज्याहून १०८ वर्षे जास्त जगले, आणि ज्या घराण्याने कान्होजींसारखा पुरुष दिला तेच आधी संपले. याचे कारण शोधताना आपण बहुधा दोनच उत्तरे देतो: आंग्र्यांना भाऊबंदकी भोवली आणि जंजिरा अजिंक्य होता. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. माझ्या मते खरा प्रश्न असा विचारायला हवा की धनी मेला तर त्याच्या जागी कोण बसणार हे ठरवण्याचा हक्क कोणाकडे होता.

हा प्रश्न पारखायला तिसरे एक घराणे हाताशी घेणे उपयोगी पडते, आणि ते मुद्दाम दूरचे घेतो: हंगेरीतले एस्टरहाझी. त्यांच्याकडे ना आरमार होते, ना समुद्र. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हे बेताचे सरदार होते. मिक्लोश एस्टरहाझी प्रोटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक झाला, हाब्सबर्ग राजांच्या बाजूने उभा राहिला आणि १६२५ मध्ये हंगेरीचा पॅलटाइन, म्हणजे राजाच्या खालोखालचा अधिकारी बनला. त्याचा मुलगा पाल यालाही १६८१ मध्ये तेच पद मिळाले. १६८३ मध्ये तुर्कांचा व्हिएन्नाचा वेढा उठवताना आणि १६८६ मध्ये बुडा परत घेताना तो राजाच्या बाजूने होता. मग १६८७ साल आले. त्या वर्षी प्रेसबुर्गला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाला, हंगेरीची सभा भरली आणि तिथे दोन गोष्टी बरोबरच झाल्या. हंगेरीचा मुकुट पुढे हाब्सबर्गांच्या पुरुषवंशातच राहील हे सरदारांनी कबूल केले. आणि सरदारांना आपली जमीन अविभाज्य ठरवून एकाच वारसाकडे सोपवण्याची कायदेशीर मुभा मिळाली. त्याच वर्षी पाल एस्टरहाझीला सम्राट लिओपोल्डने प्रिन्स केले. १७१२ मध्ये ती पदवी ज्येष्ठ शाखेत वंशपरंपरा झाली. पदवीच्या मोठेपणापेक्षा या व्यवहाराची रीत मला महत्त्वाची वाटते. राजाने स्वतःचा वारसाहक्क पक्का करून घेतला आणि त्याच बैठकीत सरदारांचाही पक्का करून दिला. एकदा कायदा झाल्यावर कुठल्या मुलाला जहागीर द्यायची हे राजाने दरवेळी नव्याने ठरवायचे उरले नाही.

त्या कायद्याचा उपयोग लवकरच दिसला. १७२१ मध्ये घराण्याचा धनी वारला तेव्हा वारस पाल आंताल अवघा दहा वर्षांचा होता. आईने पुढची काही वर्षे कारभार पाहिला, मुलगा वयात आला आणि जहागीर त्याच्या हाती अखंड आली. याच पाल आंतालने १७६१ मध्ये हायडन या संगीतकाराला नोकरीवर घेतले. त्याच्या धाकट्या भावाने, मिक्लोशने, एस्टरहाझा नावाचा प्रचंड महाल उभारला आणि हायडनच्या आयुष्याची सर्वोत्तम वर्षे तिथे गेली. या राजपुत्रांचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. पुढचा मिक्लोश चित्रांच्या नि थाटाच्या नादात इतका कर्जबाजारी झाला की नंतरच्या पिढ्यांना जहागीर सरकारी देखरेखीखाली द्यावी लागली आणि १८७० च्या सुमारास चित्रसंग्रह हंगेरीच्या सरकारला विकावा लागला. बुडापेस्टच्या ललित कला संग्रहालयाचा पाया तोच. म्हणजे मूर्ख, उधळे, आळशी वारस त्यांच्याकडेही झाले. तरी १९४५ च्या जमीनवाटपापर्यंत एस्टरहाझी हंगेरीतले सर्वांत मोठे जमीनदार राहिले. कर्तृत्वाचा दुष्काळ पडला तरी घराणे उभे राहिले, कारण ते कर्तृत्वावर उभे नव्हतेच.

आता कुलाब्याकडे या. कान्होजी आंग्र्यांचे सारे वैभव कर्तृत्वावर उभे होते. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारी चाकरीतले. कान्होजी सतराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, झाले. पण त्यांना स्वतंत्र वागण्याची सवड कशी मिळाली हे पाहण्यासारखे आहे. साताऱ्याला शाहू आणि कोल्हापूरला ताराबाईंचा पक्ष असे छत्रपतींच्या गादीचे दोन दावेदार होते आणि कान्होजी ताराबाईंच्या बाजूला. शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केले. मग बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देऊन पाठवावे लागले. १७१४ च्या तहात शाहूंना मानण्याच्या बदल्यात कान्होजींनी सरखेली, दहा किल्ले आणि सोळा ठाणी पदरात पाडून घेतली. हा तह बरोबरीच्या माणसांचा वाटतो, आणि तसा तो होताही, कारण कान्होजींना दुसऱ्या दारात जाता येत होते. त्यानंतरची पंधरा वर्षे सगळ्यांना ठाऊक आहेत: मुंबईकर इंग्रजांच्या खांदेरी आणि विजयदुर्गावरच्या चढाया फसल्या, १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले ते हात हलवत परतले, १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब आजमावले आणि तेही हरले. १७२९ मध्ये कान्होजी वारले. मागे वेगवेगळ्या आयांचे सहा मुलगे आणि एक पद. त्या पदाचा वारस कोण, हे सांगणारा कुठला कायदा मागे नव्हता.

थोरले सेखोजी चार वर्षे निभावून नेतात आणि १७३३ मध्ये, ऐन जंजिऱ्याच्या मोहिमेत, जातात. संभाजी सरखेल होतात. मानाजी पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाब्यावर कब्जा करतात. इथे बाजीराव पेशवे मध्ये पडतात आणि १७३५ मध्ये वाटणी होते: विजयदुर्ग आणि सरखेलीचा किताब संभाजींना, कुलाबा आणि वजारतमाब हा नवा किताब मानाजींना. शाळेच्या पुस्तकात हे भावांच्या भांडणाचे फळ म्हणून येते. भांडण भावांचेच होते, यात शंका नाही. पण फळ कोणी कसे कापले तेही पाहायला हवे. साताऱ्याचा प्रधान एका दावेदाराला पद देऊन दुसऱ्याला नेमणूक बांधून देऊ शकला असता. त्याऐवजी दुसरा किताब निर्माण करून एका आरमाराची दोन आरमारे केली गेली. याने पुण्याचे काय बिघडले? काहीच नाही. ज्या सत्तेने वीस वर्षांपूर्वी एका पेशव्याला कैदेत टाकले होते, ती आता कायम दोन तुकड्यांत राहणार होती आणि प्रत्येक तुकड्याला दुसऱ्याच्या भीतीने पुण्याकडे बघावे लागणार होते.

यावर कोणी म्हणेल की एका घटनेवरून पेशव्यांवर डाव रचल्याचा आरोप करणे बरे नव्हे. बाजीरावांना जंजिऱ्याची मोहीम सावरायची होती आणि भांडण मिटवण्याची त्यांना घाई होती. घाई होती हे खरे, आणि माणसाच्या मनात काय होते ते सांगण्याचा दावा मी करत नाही. पण हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते तेव्हा तिला योगायोग म्हणता येत नाही. १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून आले तेव्हा नानासाहेब पेशवे मानाजींच्या मदतीला धावले आणि वाटणी मोडू दिली नाही. नागपूरला १७५५ मध्ये रघुजी भोसले वारले, मुलांत तंटा झाला. पुण्याच्या मध्यस्थीने जानोजींना सेनासाहेबसुभा आणि मुधोजींना चांदा व सेनाधुरंधर असा वेगळा किताब मिळाला. दमाजी गायकवाड गेल्यावर त्यांच्या मुलांच्या दाव्यांवर पुण्यात नजराण्यांची चढाओढ कित्येक वर्षे चालली. दोन भाऊ, दोन किताब, एक लवाद आणि लवादाचा नजराणा: हा साचा आंग्र्यांपुरता नव्हता. संभाजींनंतर सरखेल झालेल्या तुळाजींनी हा साचा नाकारला, तर पुण्याने इंग्रजांना बरोबर घेतले. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाच्या खाडीत शिरले आणि कान्होजींनी बांधत आणलेले दक्षिणेचे आरमार एका दिवसात जळाले. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. पुढे विजयदुर्ग परत मिळवायला पेशव्यांना इंग्रजांना बाणकोट द्यावे लागले, म्हणजे हा सौदा हिशेबानेही आतबट्ट्याचाच ठरला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इंग्रजांचे आरमार दर दशकाला वाढत होते, त्यांच्या जहाजांवरच्या तोफा, त्यांचा पैसा, त्यांची शिस्त यांपुढे कोकणातले कुठलेही घराणे टिकले नसते. मग वारसाहक्काचा काथ्याकूट कशाला? पण कुलाबा आणि जंजिरा यांचा अंत कसा झाला ते बघितले की हा आक्षेप सैल पडतो. कुलाबा इंग्रजांनी लढून घेतलाच नाही. १७२१ मध्ये तोफांनी जे झाले नाही ते १८४० मध्ये कागदाने झाले. विजयदुर्गही एकट्या इंग्रजांना पुरून उरला होता. तो पडला तो जमिनीवरून पेशव्यांची फौज आणि पाण्यातून इंग्रजांचे आरमार एकाच वेळी आले तेव्हा. आणि जंजिऱ्याचा नबाब इंग्रजांच्या मुंबईपासून इतक्या जवळ राहूनही त्यांच्या तोफांनी गेला नाही. आरमारी ताकदीचा फरक खरा आहे, पण कोण कधी गेले हे त्याने उलगडत नाही.

कुलाब्याच्या शेवटच्या अर्धशतकात तर समुद्र जवळजवळ दिसेनासाच होतो. दिसतात ती अल्पवयीन मुले, विधवा, दत्तक आणि लवाद. मानाजींनंतर रघुजींनी १७५८ ते १७९३ असा दीर्घ आणि एकूण बरा कारभार केला. ते वारले तेव्हा वारस मूल होता. एस्टरहाझींच्या घरी दहा वर्षांच्या मुलाला आईने सांभाळले आणि जहागीर वाचली; इथे घरातल्याच जयसिंगांनी कारभार हाती घेतला, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंसह घरातली माणसे एकमेकांवर उठली, आणि अखेर दौलतराव शिंद्यांचे मामा बाबूराव आंग्रे ग्वाल्हेरच्या जोरावर कुलाब्यावर बसले. पुन्हा तोच प्रश्न: वारस कोणी ठरवला? साताऱ्याने नाही, पुण्याने नावापुरता. ठरवला तो ग्वाल्हेरच्या फौजेने. बाबूराव १८१३ मध्ये गेल्यावर गादी मूळ शाखेकडे फिरली आणि १८१७ मध्ये दुसरे रघुजी आले. पेशवाई बुडाली, लवादाची जागा कंपनीने घेतली, आणि १८२२ च्या तहात रघुजींनी कंपनीचे वर्चस्व मान्य केले. त्या तहातले एक कलम बाकी सगळ्या कलमांहून भारी होते: गादी रिकामी झाली तर नव्या धन्याला मान्यतेची वस्त्रे कंपनी देणार. पेशव्यांनी जो हक्क वहिवाटीने वापरला तो कंपनीने लिहून घेतला.

रघुजी १८३८ च्या डिसेंबरात वारले. पत्नी गरोदर होती. १८३९ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव पणजोबांच्याही आजोबांचे, कान्होजी ठेवले, आणि तो त्याच वर्षी गेला. घराण्याने दत्तक मागितला. कंपनीने नाकारला. संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. डलहौसीने साताऱ्यावर हे हत्यार चालवण्याच्या आठ वर्षे आधी ते कुलाब्यावर चालले होते. त्याआधीच्याच वर्षी गुजरातेतले मांडवी असेच गेले होते. खालसा धोरण म्हणजे डलहौसी अशी जी आपली समजूत आहे ती कुलाब्याच्या माणसाने तरी बाळगू नये. इथे एक अन्याय मात्र माझ्याकडून होऊ नये: शेवटच्या काळातला कुलाब्याचा कारभार चांगला नव्हता, दिवाणांच्या जुलमाच्या तक्रारी होत्या, रयत या संस्थानासाठी रडली असे म्हणायला आधार नाही. पण संस्थान गेले ते वाईट कारभारासाठी नव्हे. जंजिऱ्याचा कारभार १८६८ च्या सुमारास इतका बिघडला की इंग्रजांनी फौजदारी अधिकार काढून घेतले, तरी नबाब राहिला.

आता सिद्दींच्या घरात सगळे गोडीगुलाबीने चालले होते काय? अजिबात नाही, आणि माझ्या मुद्द्यावरचा हाच सर्वांत अवघड आक्षेप आहे. १७३३ मध्ये सिद्दी रसूल वारला आणि मुलांत झगडा पेटला. बाजीरावांनी त्यातल्या अब्दुल रहमानची बाजू घेतली, १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळ सिद्दी सातला मारले, आणि तहात अकरा महालांचा निम्मा वसूल मराठ्यांकडे आला. आंग्र्यांसारखाच साचा, एकाच वर्षाच्या अंतराने, खाडीच्या दुसऱ्या काठावर. मग निकाल वेगळा का लागला? एक कारण किल्ला आहेच. पुण्याने दिलेला निवाडा जंजिऱ्याच्या तटाबाहेर लागू पडायचा, आत नाही. याचा सर्वांत गमतीचा पुरावा १७९१ चा. गादीवरून हाकललेला बाळू मियाँ सिद्दी पुण्याला आला. नाना फडणविसांनी त्याच्याकडून जंजिऱ्याचा हक्क लिहून घेतला आणि बदल्यात सुरतेजवळचे सचिन त्याला दिले. बाळू मियाँच्या वंशजांनी सचिनला नबाबी थाटली, ती १९४८ पर्यंत चालली. पेशव्यांना मात्र जंजिरा कधीच मिळाला नाही. नाना फडणविसांसारख्या मुत्सद्द्याचा असा तोट्याचा व्यवहार क्वचितच सापडेल.

पण किल्ला हे अर्धेच कारण. सिद्दींकडे आंग्र्यांजवळ नसलेली आणखी एक गोष्ट होती: धनी बदलण्याची सोय. निजामशाही, मग आदिलशाही, १६७० च्या सुमारास मोगल, आणि पुढे मुंबईकर इंग्रजांशी कधी वैर कधी दोस्ती. कान्होजींना १७१४ मध्ये जी सवड होती ती सिद्दींना कायम राहिली. शिवाय त्यांच्यात गादी मुळात बापाकडून मुलाकडे जाणारी मालमत्ता नव्हतीच. ती आरमाराच्या सरदारांतल्या प्रबळ माणसाकडे जाणारी अधिकाराची जागा होती. वंश पुढे घट्ट झाला तरी सरदारांचे मत उरले होते. त्यामुळे भांडणे खूप झाली, पण जागा रिकामी पडून परक्याच्या हाती गेली असे कधी घडले नाही, आणि दत्तकाची परवानगी कोणाच्या दारात मागावी लागली नाही. १८२२ सारखा तह त्यांनी केला नव्हता. आणि १८५७ नंतर वारे फिरले. राणीच्या सरकारला संस्थानिक हवेसे वाटू लागले, दत्तकाच्या नि वारसाच्या सनदा वाटल्या गेल्या. जंजिऱ्याच्या नबाबाला मुसलमानी कायद्याप्रमाणे वारसाची हमी मिळाली आणि खंडणीही नव्हती. एस्टरहाझींना १६८७ मध्ये मिळालेला करार सिद्दींना सुमारे पावणेदोनशे वर्षांनी मिळाला. आंग्रे त्याच्या वीस वर्षे आधीच संपले होते.

कोणी विचारेल, टिकले तर काय मोठे झाले? शेवटी १९४८ ला सगळेच गेले आणि पाल एस्टरहाझी पाचवा १९४९ मध्ये कार्डिनल मिंडसेंटीबरोबर खटल्यात उभा राहून पंधरा वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला, तो १९५६ च्या उठावात सुटून परदेशी निघून गेला. हे मान्य आहे. आणि नबाब किंवा राजपुत्र टिकायला हवे होते असेही मला वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच की या घराण्यांचा इतिहास आपण चुकीच्या जागी वाचतो. आंग्र्यांवर लिहिताना लेखणी खांदेरीच्या लढाईत रमते, गलबते नि गुराबा मोजते आणि १७५६ च्या आगीपाशी थांबते. १७३५ ची वाटणी, १७९३ नंतरचे बाल वारस आणि १८२२ चे कलम ही प्रकरणे घाईत उरकली जातात, कारण त्यांत बंदुकीचा बार नाही.

दा. गो. ढबूंचे ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ आणि शां. वि. आवळसकरांचे ‘आंग्रेकालीन अष्टागर’ ही दोन पुस्तके रोहा, पेण, अलिबाग या पट्ट्यातल्या वाचकाने एकदा तरी मिळवून वाचावीत, आणि वाचताना लढायांची पाने भराभर उलटून वाटण्या, किताब आणि दत्तक यांच्या पानांवर रेंगाळावे. रायगड जिल्ह्याच्या शाळांतून कान्होजींची जयंती होते तेव्हा एखाद्या शिक्षकाने मुलांना १८२२ चा तहही सांगावा.